नरहरपंतांची ओळ पुसिली ती हकीकत

श्री.

ज्याचे कृपेने शून्य आणि एक ऐशा दोन अंकांत अवघा संसार मावतो, आणि अडलेले यंत्र बंद करून पुन्हा चालू केले असतां चालते, त्या विघ्नहर्त्यास आधी नमन. मग ज्या वाग्देवीने एका वस्तूस एक नांव दिले आणि माणसांनी त्याचा घोळ केला, तिची क्षमा मागून हकीकत लिहितो ती ऐसी: शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, जैसे नांव तैसेच वर्तले, त्या वर्षी आश्विन मासी एका थोर राज्यांत एका ओळीवरून मोठा कलह माजला. त्या राज्यास कोट नाहीं, खंदक नाहीं, हत्ती-घोडे नाहींत, आणि सरदार आपापले घरी बनियनवर बसून कारभार करीत. कित्येकांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते. राज्य म्हणजे सॉफ्टवेअरची एक लायब्ररी, आणि लायब्ररी म्हणजे तयार आज्ञांचे कोठार. कोणास प्रोग्राम लिहिणे असेल त्याने कोठारांतून लागेल ती आज्ञा फुकट उचलावी, आपले प्रोग्रामात बसवावी आणि काम साधावे, म्हणोन देशोदेशींचे लोक तेथे येत, आणि नेत, आणि आभार मानण्याचे बहुधा विसरत.

या राज्याचे मूळपुरुष राजश्री नरहरपंत सबनीस, राहणार कृष्णाकाठ. पंतांनी ऐन उमेदीत, नोकरी संभाळून आणि डोळ्यांचे पाणी करून हे कोठार एकहाती उभे केले, आणि प्रत्येक आज्ञेपुढे ती काय करिते हे आपल्या हाते लिहिले. त्या लेखास सगळे पोथी म्हणत. पंतांची रीत ऐसी की आज्ञा आधी चालवून पाहावी आणि मगच ओळ लिहावी, म्हणोन पोथीचा मोठा लौकिक जाहला, आणि लोक म्हणू लागले की सूर्य एक वेळ पश्चिमेस उगवेल परंतु पंतांची ओळ खोटी निघणार नाहीं. मग एके वर्षी एका उतावळ्या सरदाराने भाषा गोड करावी म्हणोन पंतांच्या कित्येक ओळी परस्पर सुधारिल्या, आणि त्या गोडव्यापायी जागोजागची कामे अडली, आणि पंत ऐसे संतापले की भर चावडीवर, म्हणजे अवघे सरदार लिहून बोलत त्या जागी, त्यांनी सांगितले, "माझी ओळ मीच पुसीन. ज्याला शंका असेल त्यानं खाली टीप घालावी." ते दिवसापासून राज्याचा रिवाज पडला. समासांत ज्याचे नांव, ओळ त्याची. दुसऱ्याने तीस हात लावू नये, खाली टीप लिहावी. पुढे पंत वृद्ध जाहले, कारभार सोडून गांवी जाऊन राहिले, आणि चावडीवर येणेही सोडिले, परंतु रिवाज राहिला. टीपेखाली टीप आली, तिच्याखाली तिचे खंडन करणारी टीप आली, आणि कोठे कोठे तर ओळ एक बोट आणि टीपांचे शेपूट हातभर ऐसा प्रकार जाहला. तरी कोणास त्यात कांहीं वावगे वाटेना, कारण टीप घालणारास आपण राज्याची सेवा केली ऐसे वाटे, आणि वाचणारा मनुष्य टीपेपर्यंत पोचतच नसे.

पोथीची राखणदारी हेमांगीबाई पोतनीस यांजकडे होती. बाई पंतांच्या हाताखाली तयार जाहलेल्या. दिवसा एका कंपनीत चाकरी करीत आणि संध्याकाळी दोन घटका पोथीस देत. स्वभाव शांत, परंतु चुकीचा शब्द दिसला की भाताच्या घासात खडा लागावा तैसा चेहरा होई. पंतांस त्या नाना म्हणत, आणि नाना त्यांस हेमे म्हणत, आणि बाईंचा बाप लवकर गेल्यामुळे त्या हाकेस बाईंच्या मनांत फार मोठी जागा होती. रिवाज मोडावा ऐसे बाईंच्या स्वप्नांतही आले नव्हते. उलट नवा मनुष्य पंतांच्या ओळीस हात घालू लागला की तोंडावर नाहीं म्हणणाऱ्यांत बाईच पुढे असत.

आता कलह कशाचा ते समजण्यास एवढे जाणावे. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्रांतील सार्वभौम सत्ता. तिच्या हुकुमाखाली प्रत्येक प्रोग्रामास एक कारखाना मिळतो, त्यास प्रोसेस म्हणतात; आणि त्या कारखान्यांत एका छपराखाली अनेक कारागीर राबतात, त्यांस थ्रेड म्हणतात. एका कारागिरास घरी धाडणे वेगळे आणि कारखान्यास टाळे ठोकणे वेगळे, हे शेंबड्या पोरासही कळेल. तर पोथींत 'थांबवा' या आज्ञेपुढे पंतांची ओळ होती ती ऐसी: "ही आज्ञा जो थ्रेड देईल तो थांबेल, बाकीचे चालू राहतील." आणि त्याखाली टीपांचे शेपूट होते, ते सोडून देऊ.

ऐसे असतां दसऱ्याचे पुढे चावडीवर एक तक्रार आली. करणार सिंधू कोळेकर, घाटाखालील एका दूधसंघाच्या चिलिंग सेंटरांत यंत्रांचे आणि त्यांचे प्रोग्रामांचे काम पाहणारी. राज्यांत तक्रार येणे नवे नव्हते, आणि तक्रार आली की दोन मातब्बरांनी तीत शुद्धलेखनाच्या चुका काढाव्या आणि तिसऱ्याने "आमच्याकडे चालते" म्हणोन निघून जावे हा प्रघात होता, तैसेच जाहले. परंतु हेमांगीबाईंनी तक्रार पुरती वाचिली, आणि शेवटास फोनचा अंक होता म्हणोन फोन केला. तिकडून सिंधूबाई बोलली ती ऐसी:

"ताई, मी पुस्तकात लिहिलंय तेच केलं बघा. आमच्याकडं दुधाच्या टाक्या हायत, एकेका टाकीची थंडी एकेक थ्रेड बघतो. एका टाकीचा सेन्सर बिघडला होता, तो सारखा खोटा आकडा द्यायचा. म्हटलं तेवढाच थ्रेड बंद करावा, बाकीचे चालू राहतील. पुस्तकात तसंच लिहिलंय की. तर समदंच बंद पडलं. एकबी टाकी कुणी बघंना, अन् पडद्यावर तरी शेवटचे आकडे तसेच दिसत राहिले, म्हणून कुणाला पत्ताच न्हाई. सकाळी झाकण उघडलं तर वास."

"मग तुम्ही संघाला सांगितलं नाहीत का?" बाईंनी विचारिले.

"सांगितलं की. चौकशी नेमली. त्यांनी तुमचं हेच पान छापून काढलं आणि म्हणाले, पुस्तक म्हणतंय बाकीचे चालू राहतात, मग बंद कोणी केले? तूच झोपेत स्विच दाबला असशील. ताई, मी झोपले नव्हते हो. गावात बायका तोंडावर विचारतात, काय गं, झोप झाली का? त्रिपुरी पुनवंच्या आधी सभा हाय. तिथं मला काढायचं ठरलंय. काढलं तरी पोटाचं बघता येईल, पण झोपणारी म्हणून काढलं तर पुन्हा कोण उभं करंल?"

हेमांगीबाई म्हणाल्या की मी तुम्हांस माझ्या नांवाने दोन शब्द लिहून देते, ते दाखवा. त्यावर सिंधूबाई म्हणाली की तेही विचारून पाहिले. चेअरमन म्हणतात पुस्तकांत असेल ते दाखव, कोण बाई फोनवर काय म्हणते ते आम्हांस नको. बाईंनी फोन ठेविला आणि लागलीच एक लहानसा प्रोग्राम लिहिला, त्यांत कांहीं थ्रेड आकडे मोजत बसविले, आणि एकाकडून 'थांबवा' म्हणविले. अवघे थ्रेड तत्क्षणी चिडीचूप. बाईंनी पुन्हा चालविला, पुन्हा तेच. यंत्र बदलिले, तरी तेच. मग दूध नासले ते नानांच्या ओळीमुळे नासले, आणि ती ओळ रोज सांजेस राखीत बसणारी आपणच, ऐसे त्यांस स्वच्छ दिसले.

मग बाईंनी चावडीवर विषय मांडिला की या ओळींत थ्रेड म्हटले आहे तेथे प्रोसेस पाहिजे, आणि जो लांबलचक वाद माजला तो काय वर्णावा! कारभारी जयवंतराव प्रधान, मनुष्य सज्जन, परंतु निर्णय घेणे आले की त्यांस पडसे होई. ते म्हणाले विषय नाजूक आहे, सर्वांचे मत यावे. मग एक पक्ष उठला की पोथी खरी धरावी आणि आज्ञा बदलून पोथीप्रमाणे करावी. त्यास दुसरा पक्ष म्हणाला की आज लक्षावधी प्रोग्राम या आज्ञेवर आपला गाशा गुंडाळितात, उद्या ती बदलिली तर बंद व्हावयाचे ते बंदच होणार नाहींत, मग निस्तरणार कोण? हे बोलणे खरे होते, म्हणोन पहिला पक्ष रुसून बसला. तिसरा पक्ष म्हणाला की थ्रेड काय आणि प्रोसेस काय, सुज्ञांस भाव कळतो. त्यांस बाईंनी उत्तर केले की सुज्ञांचे दूध नासत नाहीं, म्हणोन त्यांस भाव कळतो. मग टीपपक्षाचे धुरंधर राजश्री अनंतराव खासनीस पुढे आले. यांनी हयातींत एकही आज्ञा रचिली नव्हती परंतु टीपा शेकड्यांनी घातल्या होत्या, आणि प्रत्येक टीपेंत 'बहुधा' किंवा 'क्वचित्' घातल्यावांचून त्यांची लेखणी खाली बसत नसे. ते बोलिले, "एवढं रान कशाला उठवायचं? मी टीप लिहितो: काही परिस्थितीत बहुधा इतर थ्रेडवरही परिणाम संभवतो. पंतांची ओळ राहील, बाईंचंही समाधान होईल."

त्या टीपेवर पाहतां पाहतां संमतीचे अंगठे उमटले. जयवंतरावांचे पडसे त्या घटकेस बरे जाहले. परंतु बाई म्हणाल्या, "चौकशीवाल्यांनी पान छापलं तेव्हा टीपा छापल्या नाहीत. कोणी छापत नाही, कोणी वाचत नाही. आणि वाचल्या तर त्यातून अर्थ निघत नाही. ओळच बदलली पाहिजे." मग जयवंतरावांनी बाईंस एकीकडे फोन करून सांगितले की ओळ बदलावयाची तर पंतांनीच बदलिली पाहिजे हा रिवाज, आणि पंतांस गेल्या वर्षी हृदयाचा त्रास जाहला, त्यांजपुढे हा विषय कोणी काढावा? उद्यां कांहीं कमीजास्त जाहले तर पातक कोणाचे माथी? आणि हेमांगीबाई, तुम्ही तर त्यांच्या लेकीसारख्या. हे शेवटचे वाक्य बाईंस वर्मी लागले, कारण त्यांच्याही मनांत तेच भय होते. विषय उघडा राहावा म्हणोन बाईंनी चावडीवर दोन शब्द लिहावे म्हटले, ते लिहवेनात. आणि त्या राज्यांत एक यंत्राचा चोपदार ठेविला होता, त्याचे काम एवढेच की ज्या तक्रारीवर पंधरवडा कोणी बोलणार नाहीं ती आपोआप बंद करावी आणि वर "आपल्या सहकार्याबद्दल आभार" ऐसे लिहावे. तो चोपदार आला. त्याने सिंधूबाईची तक्रार बंद केली आणि आभार मानिले.

ते आभार वाचून मात्र हेमांगीबाईंचे पित्त खवळले. इतके दिवस भिऊन बसलो त्याची त्यांस लाज वाटली, आणि लाजेहून राग मोठा जाहला, आणि दुसरे दिवशीं सकाळच्या एसटीने त्या कृष्णाकाठी गेल्या. तुळशीच्या लग्नाचे दिवस. नरहरपंत अंगणांत वृंदावनाभोवती उसाची चार कांडी उभी करून सुतळीने बांधीत होते, आणि माई, म्हणजे पंतांचे कुटुंब, चिंचा-आवळे निवडीत ओटीवर बसल्या होत्या. पंत बाईंस पाहून हरखले.

"अगं हेमे! वाट कशी चुकलीस? माई, चहात आलं जास्त घाला, शहरातली माणसं आल्याशिवाय पीत नाहीत. धर गं हे टोक."

बाईंनी उसाचे टोक धरिले, आणि तेथेच बोलून टाकिले, कारण चहा घेतल्यावर आपला धीर होणार नाहीं हे त्यांस ठाऊक होते. "नाना, तुमच्या एका ओळीसाठी आलेय. 'थांबवा'ची ओळ."

"तिचं काय?"

"ती खरी नाही."

पंतांच्या हातची सुतळी थांबली. "ती ओळ लिहायला मी आठवडा घातलाय. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी थ्रेड म्हणजे वेगळी प्रोसेसच असायची. एकाला थांबवलं की तेवढाच थांबायचा. मी चालवून बघितलंय, दहादा. आणि तू माझ्या अंगणात उभी राहून मला खोटं पाडतेस?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, परंतु ऊस सोडिला नाहीं. "खोटं नाही पाडत, नाना. तेव्हा ते खरं होतं. मागाहून ऑपरेटिंग सिस्टीम बदलली, सगळे थ्रेड एकाच छपराखाली आले. ओळ तिथंच राहिली."

"मग खाली टीप घाला. रिवाज आहे."

"आहेत ना टीपा. वाचता?" ऐसे म्हणोन बाईंनी लॅपटॉप उघडून ओटीवर ठेविला. पंतांनी चष्मा घातला आणि आपल्या ओळीखालचे शेपूट पाहिले. ते त्यांनी उभ्या जन्मांत पाहिले नव्हते, कारण आपलीच ओळ आपण काय वाचावी? वाचतां वाचतां त्यांच्या भिवया वर चढल्या.

"हे कोण गाढव? वरच्या टीपेत म्हणतो बहुधा, खालच्या टीपेत म्हणतो क्वचित. बहुधा आणि क्वचित यांच्या मधून माणसानं जायचं कुठून?"

"खासनीस."

"तो अजून आहे?" पंत म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "चालवून दाखव."

बाईंनी तो लहानसा प्रोग्राम चालविला. थ्रेड आकडे मोजू लागले, एकाने 'थांबवा' म्हटले, आणि अवघे गप्प जाहले. पंत म्हणाले पुन्हा. पुन्हा तेच जाहले. मग त्यांनी स्वतः पुढे होऊन, उसाचे चिकट हात धोतरास पुसून, प्रोग्राम आपल्या मनाप्रमाणे फिरवून लिहिला, कारण शिष्येचे लिहिण्यांत कांहीं गफलत असेल ही आशा त्यांस होती, आणि चालविला, आणि पडदा तैसाच मुका राहिला. माई म्हणाल्या चहा निवतो आहे. मग बाईंनी सिंधू कोळेकरची सगळी कथा सांगितली, झाकण उघडल्यावर आलेल्या वासापासून गांवच्या बायका काय विचारितात तेथपर्यंत, आणि सांगतां सांगतां आपणही इतके दिवस गप्प राहिलो आणि चोपदाराने तक्रार बंद केली हे सांगितले.

"का गप्प राहिलीस?" पंतांनी विचारिले.

"तुम्हाला त्रास होईल म्हणून. सगळेच त्या भीतीनं गप्प आहेत."

हे ऐकून पंतांस ओळ खोटी निघाली त्याहून अधिक दुःख जाहले. आपण जिवंत असतां लोक आपणांस देव्हाऱ्यांत बसवून मोकळे जाहले, आणि देव्हाऱ्यांतल्यास कोणी खरे सांगत नाहीं, हे त्यांस त्या ओटीवर प्रथम कळले. मग बोलिले, "लिहिली तेव्हा दहादा चालवून बघितली. त्यानंतर वीस वर्षं एकदाही बघितली नाही. ओळ माझी, ओळ माझी म्हणत राहिलो, आणि लक्ष मात्र ठेवलं नाही. सभा कधी आहे त्या पोरीची?"

"परवा."

"मग चहा दे आधी. आणि त्या तुझ्या चोपदारानं बंद केलेली तक्रार उघड."

पंतांनी पाय धुतले, हात धुतले, पूजेस बसावे तैसे बसले, आणि चावडीवर कैक वर्षांनी त्यांचे नांव उमटले. ते पाहून देशोदेशींचे सरदार जेथे होते तेथून धावत आले, आणि जयवंतरावांस पुन्हा पडसे जाहले. पंतांनी टीपांचे शेपूट समूळ काढिले. मग आपली ओळ पुसिली. ती पुसतांना बोट क्षणभर अडले, हे हेमांगीबाईंनी पाहिले आणि दुसरीकडे तोंड केले. मग नवी ओळ लिहिली ती ऐसी: "ही आज्ञा दिली असता संपूर्ण प्रोसेस थांबेल, म्हणजे तिच्यातले सगळे थ्रेड थांबतील. एकच थ्रेड थांबवायचा असेल तर ही वापरू नये, 'रजा' ही आज्ञा वापरावी." आणि बदलाचे कारण म्हणोन जेथे लोक दोन शब्द खरडितात तेथे लिहिले: "जुनी ओळ माझी. ती एके काळी खरी होती, आज नाही. सिंधू कोळेकर यांनी ती वाचून तसंच केलं आणि त्यांचं दूध नासलं. यात चूक त्यांची नाही, माझी आहे." मग समासाशी येऊन थांबले. बाई म्हणाल्या, "तुमचंच नाव राहू दे ना, नाना. तुम्हीच लिहिलीत." पंत म्हणाले, "लिहिली मी. पण ही ओळ खरी आहे हे पहिल्यांदा कळलं ते तिला, आणि तेही भारी पडून. तिचं घाल." आणि बाईंनी नवे ओळीचे समासांत सिंधू कोळेकर ऐसे घातले.

दरबारांत कोणताही बदल मान्य होण्यास दोन अंगठे लागत. ते दोन कोणाचे हे आजवर नक्की करितां आले नाहीं, इतकी अंगठ्यांची रीघ लागली. खासनीसांनी लिहिले की आपलेही मत प्रथमपासून हेच होते. इतके होऊन, वेशीवर येणारा प्रत्येक बदल तपासणाऱ्या यंत्राने हा बदल परत पाठविला, कां तर ओळ ठरल्या लांबीहून मोठी आहे. तेव्हां पंतांनी कपाळास हात लावून ती दोन जागी तोडिली, आणि मग ती पोथींत दाखल जाहली.

तिसरे दिवशीं दूधसंघाची सभा भरली. चौकशीवाल्यांनी आपले छापील पान पुढे ठेविले. सिंधूबाई उठली आणि बोलली, "साहेब, ते पान जुनं झालं. आजचं उघडून बघा." भिंतीवर पान उघडिले. चेअरमनांनी नवी ओळ मोठ्याने वाचिली, मग पंतांचे कारण वाचिले, आणि "यात चूक त्यांची नाही" येथे येऊन चष्मा काढून पुन्हा घातला. मागून एका सभासदाने विचारिले, "पर ही कडंला नाव लिहिलेली सिंधू कोळेकर कोण म्हणायची?" सिंधूबाई म्हणाली, "मीच की." मग चेअरमन म्हणाले की काढण्याचा विषय मागे घेतला आहे आणि झालेल्या बोलण्याबद्दल संघ दिलगीर आहे, हे इतिवृत्तांत घ्या. ज्या बायका झोप झाली का विचारीत होत्या त्यांतल्या दोघी पुढच्या बांकावरच होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरिला. आणि सिंधूबाई, जी इतके दिवस कोणापुढे रडली नव्हती, ती त्या भर सभेंत खाली बसून मनसोक्त रडली.

संध्याकाळीं तिने पंतांस फोन केला. आभार मानून जाहल्यावर थोडी अडखळली आणि विचारिले, "काका, एक विचारू? एवढी जुनी ओळ तुमची. पुसताना वाईट न्हाई वाटलं?"

"वाटलं," पंत म्हणाले. "खोटं कशाला बोलू? फार वाईट वाटलं. पण पोरी, नासलेलं दूध आपल्या गाईचं म्हणून कोणी देवापुढं ठेवतं का?"

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. दूध नासले ते नासले, त्याचे कांहीं होणे नव्हते. परंतु त्या राज्याचा जुना रिवाज पंतांनी आपल्या तोंडे फिरविला आणि नवा घातला, तो ऐसा की समासांत ज्याचे नांव त्याने दरसाल तुळशीच्या लग्नापूर्वी आपली ओळ चालवून पाहावी. न पाहील त्याचे नांव समासांतून जावे. आता जन म्हणतील की थोरांनी नियम घालावा आणि लहानांनी पाळावा, तर तैसे नव्हे. पहिले वर्षी पंत स्वतः बसले, हेमांगीबाई शेजारी बसल्या, माईंनी चहा केला, आणि पंतांनी आपली एक एक ओळ चालवून पाहिली. ज्या खोट्या निघाल्या त्या आपल्या हाताने पुसिल्या. ज्या खऱ्या निघाल्या त्यांपुढे कांहीं लिहिले नाहीं.